आवार रिकामं आहे, साहेब

ही गोष्ट ऐकीव नाही. माझ्यासमोर घडलीय. मंगळवारी, भर दुपारी तीनच्या सुमाराला. भुतं रात्रीच निघतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल हसावं.

माझी ताई जनावरांची डॉक्टर. जखमी वन्यप्राण्यांसाठी आमचं एक आश्रयस्थान आहे. ती प्राणी सांभाळते, मी कागद. प्राणी परवडले.

आमच्याकडे दोन अस्वलं होती, म्हातारी आणि बारकी. शेजारशेजारच्या अरुंद पिंजऱ्यांत. म्हातारी दिवसभर येरझारा घालायची. तीन पावलं, मग वळण. वळताना पंजा गजावर आपटायचा...

खण्ण.

दोघींसाठी आम्ही मागे मोठं आवार बांधलं. झाडं, डबकं, उंच जाळी. पण परवाना येईपर्यंत त्यात प्राणी सोडायचा नाही, असा नियम. नियम चुकीचा नाही, नाहीतर उद्या कुणीही अंगणात वाघ पाळेल. पण आमची फाइल चौदा महिने फिरत होती! शेवटी परत आली, तेव्हा कारण काय? नकाशावर उत्तर दिशेचा बाण नाही.

तो बाण काढायला मीच विसरलो होतो.

बाण काढून फाइल पाठवली. ती पुन्हा रांगेच्या शेवटी गेली. आणखी चाळीस दिवस.

त्या चाळीस दिवसांत म्हातारी गेली.

नियमाप्रमाणे तिला तपासणीला आलेल्या वनखात्याच्या साहेबांसमोर जाळलं. पंचनाम्यावर त्यांची सही आहे. ताई मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

निदान बारकीला तरी मोकळी जागा मिळावी म्हणून नवा अर्ज केला. एक आवार, एक अस्वल. त्या मंगळवारी तेच साहेब पाहणीला आले. आवार रिकामं हवं, एवढीच अट होती.

साहेब टेप घेऊन एकटेच मागे गेले. दहा मिनिटांत तणतणत परतले.

"परवान्याआधीच प्राणी सोडलात?"

"कुठला प्राणी, साहेब?"

"मला काय शेंबडं पोर समजता? अस्वल आहे आत. वयस्कर मादी. डावा कान फाटलेला."

बारकीचे दोन्ही कान शाबूत आहेत. आणि ती आमच्या समोरच पिंजऱ्यात बसली होती...

डावा कान म्हातारीचा फाटलेला होता.

आम्ही धावत मागे गेलो. कुलूप जागेवर. किल्ली माझ्या खिशात. आत कुणीच नव्हतं.

"आवार रिकामं आहे, साहेब," मी म्हणालो.

आणि तेवढ्यात...

धप. धप. धप.

खण्ण.

आवारात गज नाहीत. एकही नाही. पण गवताचा एक पट्टा आमच्या डोळ्यांदेखत दबत होता. तीन पावलांचा. तेवढाच.

मी पंचनामा आणून साहेबांना त्यांचीच सही दाखवली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. तरी म्हणाले, "मी पाहिलं ते लिहिलं. आता खोडता येत नाही."

अर्ज नामंजूर. कारण: आवार रिकामं नाही.

ताईने तो कागद दोनदा वाचला. "चौदा महिने यांना ती दिसली नाही," ती म्हणाली. "दिसायला मरावं लागलं तिला."

आता बारकीही येरझारा घालायला लागलीय. खाणं अर्ध्यावर आलंय. ताई म्हणते, हिच्याकडेही फार दिवस नाहीत. फेरपाहणी सोमवारी आहे.

म्हणून काल दुपारी मी आवाराचं दार सताड उघडलं आणि बाजूला झालो. स्वतःचाच राग येत होता.

"म्हातारे, चुकलो गं. बाण मीच विसरलो. पण आता बाहेर ये. बारकीला जागा दे."

पावलं थांबली...

दाराजवळ ओल्या केसांचा वास आला. अगदी हाताच्या अंतरावर कुणीतरी जोरात श्वास सोडला. मला वाटलं, निघाली.

मग ती वळली.

धप. धप. धप. खण्ण.

दार उघडं होतं. एवढं मोठं आवार होतं. आणि ती अजून त्या पिंजऱ्यातच होती.

तेवढ्यात माझ्या पाठीमागून, जुन्या पिंजऱ्यांकडून, बारकीने उत्तर दिलं...

खण्ण.

सोमवारला तीन दिवस उरलेत. साहेबांना आवार रिकामं कसं दाखवायचं, मला खरंच कळत नाही.