मेंदूवय एकोणीस

लता बावणेवर प्रौढ म्हणून खटला चालला, तर सरकारी वकील कुमुदिनी हाडगे यांचा फायदाच फायदा होता: गाजणारा निकाल, पेपरात फोटो आणि तीन वर्षं हुलकावणी देणारं बढतीचं पद. मेंदूवयाचा दाखला हातात होता. अर्जावर सहीही झाली होती.

कायदा आता सोपा झाला होता. मेंदूच्या पुढच्या भागातल्या तंतूंवर वयाबरोबर वेष्टण चढतं; ते पुरतं चढलं की माणूस कृतीआधी परिणाम पाहतो. हे वेष्टण मोजून येणारा आकडा म्हणजे मेंदूवय. तो अठराच्या वर गेला, तर सोळा वर्षांच्या मुलालाही प्रौढांच्या कोर्टात नेता येई. मात्र सरकारी वकिलानं मागितलं तरच.

लता आणि निनाद एकाच वर्गातले, दोघंही सोळाचे. दोघांनी मिळून शाळेतले उत्तरपत्रिकांचे गठ्ठे पेटवले. शेजारच्या खोलीत झोपलेला पहारेकरी जळून गेला. लताचं मेंदूवय आलं एकोणीस, निनादचं चौदा.

"काडी एक आणि आकडे दोन! असं कसं हो, डॉक्टर?" कुमुदिनीबाईंनी तपासणी करणाऱ्या डॉ. काझींना विचारलं.

"घरी काय करते ती?"

"आई अंथरुणाला खिळलेली. स्वयंपाक, औषधपाणी, सगळं दहाव्या वर्षापासून हीच बघते."

"मग बरोबर आहे. जबाबदारी पडली की वेष्टण लवकर चढतं. त्या निनादच्या बुटाची नाडी अजून आई बांधते म्हणे."

"म्हणजे आईचं केलं म्हणून तुरुंग, आणि लाडावला म्हणून सूट?"

"यंत्र फक्त मोजतं, बाई. का, ते विचारत नाही."

"मग ते मीच विचारलं पाहिजे."

बाल न्याय मंडळापुढे बाईंनी हे सगळं मांडलं आणि हातातला अर्ज मागे घेतला. असा सरकारी वकील त्या इमारतीनं पाहिला नव्हता.

पहारेकऱ्याची बायको सोनाबाई दारातच आडवी आली. "तुम्ही आमच्या वकील ना?"

"सरकारची, सोनाबाई. खरं ते सगळं सांगायचं, हे माझं काम. अर्धं सांगून जिंकले असते."

"माझा माणूस पुरा गेला, बाई."



बढती दुसऱ्याला मिळाली. त्याचे पेढे बाईंनी सगळ्यांत आधी खाल्ले. सोनाबाईला हवी होती ती शिक्षा झाली नाही. लता आणि निनाद तीन वर्षांसाठी सुधारगृहात गेले. आणि बावण्यांच्या घरी आईच्या गोळ्या आता लताची धाकटी बहीण मोजून देते. ती आठ वर्षांची आहे. तिचं मेंदूवय अजून कुणी मोजलेलं नाही.