एक काना

खुंटीवर कोट नव्हता. खुंटीला चिठ्ठी अडकवली होती:

कोट मी नेलाय / शोधू नका / नाटक झालं की परत देतो.

शाळेचं नाटक पाच वाजता. पडदा अर्ध्यावर अडकलेला, नायिकेच्या झग्याला टाके कमी, आणि आता खलनायकाचा कोट गायब! वैतागलेल्या शिवणबाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या.

हेडसर कडाडले, "'देतो' म्हणजे मुलगाच. खलनायक नको, नायक हवा म्हणून महिनाभर तोंड फुगवून कोण बसलंय?"

सगळ्यांनी मिशीकडे पाहिलं. लवकर मिसरूड फुटल्यामुळे हे नाव आणि ही भूमिका, दोन्ही त्याला चिकटली होती.

"सर, मी नाही."

"मग काय भुताने नेला? पाचपर्यंत कोट आला नाही तर नाटक बंद, आणि तू शाळेबाहेर!"

शिवणबाईंनी चिठ्ठी उजेडात धरली. शेवटचा काना पूर्णविरामाला अगदी खेटून बसला होता.

"सकाळी इथे कोण होतं रे, मिशी?"

"मी, नायिका आणि कुजबुज. कोटाचा खिसा फाटलाय, दुपारी अस्तर उसवून शिवते, असं तुम्हीच म्हणालात ना?"

"म्हणाले खरी. जळलं माझं तोंड."

कुजबुज म्हणजे विंगेतून संवाद सांगणारी मुलगी. तिचा आवाज पहिल्या रांगेपर्यंतही जात नसे. बाई विंगेत आल्या तेव्हा ती टोप्यांच्या पेटीवर वही उघडून बसली होती. 'मी येईन / पण आज नाही / उद्या.' जिथे दम घ्यायचा, तिथे तिरकी रेघ.

"ऊठ गं. पेटी उघड."

टोप्यांखाली कोट होता.

"कसं कळलं, बाई?"

"आधी तू 'देते' लिहिलंस. हाताची सवय. मग घाबरून पुढे काना ओढलास, 'देतो' झालं. पण जागा कुठे होती? कोंबलास. म्हणजे मुलगी. सकाळी दोघी होतात. पण चिठ्ठीतसुद्धा दम घ्यायच्या रेघा नायिका कशाला मारेल? आणि अस्तर उसवणार म्हटल्यावरच कोट गेला. खिशात काहीतरी टाकलंस, ते फाटक्यातून आत घसरलं. माझ्या हाती लागू नये म्हणून अख्खा कोटच पळवलास."

बाईंनी कात्रीने अस्तर उसवलं. घडी केलेला कागद पडला. त्यावर नाव नव्हतं, शाईने काढलेली छोटीशी मिशी होती. न उघडताच त्यांनी तो तिच्या हातात दिला.

"अगं, ज्याला पत्र लिहिलंस, त्याच्याच गळ्यात फास?"

"मला वाटलं, कुणीतरी मुलगा असेल असं समजतील." तिचे डोळे भरले. "आता तो माझ्याशी कधी बोललाच नाही तर?"

"ते मला शिवता येत नाही, बाळ. चल."

हेडसरांसमोर मिशी मान खाली घालून उभा होता. कुजबुज दारातच थांबली. मग तिचा आवाज पहिल्यांदाच मागच्या भिंतीपर्यंत पोचला.

"सर, कोट मी नेला होता. मीच परत देते."

मिशीने वर पाहिलं. कोटाकडे नाही, तिच्या मुठीतून डोकावणाऱ्या त्या शाईच्या मिशीकडे.

पाचला दहा मिनिटं होती. शिवणबाईंच्या सुईत दोरा काही केल्या जाईना.