डावीकडे, मागे

"उद्या माझ्या बाबांना अटक होणार, आणि ती गाडी त्यांनी चालवलीच नव्हती!" सोनम खुर्चीत बसायच्या आतच म्हणाली.

राजनंदिनी मोहिते यांनी विमा कंपनीसाठी बारा वर्षं चेपलेल्या गाड्या तपासल्या होत्या. ती नोकरी सोडून त्यांनी सोलापुरात खासगी तपासाचं ऑफिस थाटलं आणि सोबतीला घेतले निवृत्त हवालदार शहाजीराव. शहाजीरावांचं मन मोठं, डोकं मात्र सावकाश चालायचं.

सोनमनं सांगितलं ते असं. टॉवेलचे कारखानदार ईश्वरप्पा, म्हणजे सगळ्यांचे अप्पा, यांच्याकडे एक जुनी परदेशी शर्यतीची गाडी होती. सोनमचे वडील जोतिराम अकरा वर्षं ती सांभाळत होते. काल सकाळी साडेसहाला अक्कलकोट रस्त्याच्या वळणावर ती गाडी गर्रकन फिरली, मेंढरांच्या कळपात घुसली आणि बाभळीवर आदळली. नऊ मेंढरं मेली. कळपामागून चालणाऱ्या बनाबाईंचा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. चालवणारा हेल्मेटसकट ज्वारीच्या शेतात पळाला. अप्पांनी पोलिसांना सरळ जोतिरामचं नाव सांगितलं.

"बाबा तेव्हा आंघोळीला गेले होते. पण बघणारं कोणी नाही," सोनम म्हणाली.

गाडी पोलीस ठाण्याच्या आवारात पडली होती. शहाजीरावांची जुनी ओळख कामी आली. गाडीचं तोंड पार चेंदलं होतं. मागचा उजवा दिवाही फुटला होता.

"मागून काही धडकलं होतं का?" राजनंदिनींनी विचारलं.

"न्हाय की. पंचनाम्यात नुसतं बाभळीचं झाड हाय."

राजनंदिनी आत वाकल्या. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या तबकडीवर एक तांबडा काटा होता. सर्वांत वर गेलेला आकडा तो धरून ठेवतो. तो धोक्याच्या रेघेच्या कितीतरी पुढे अडकला होता.

"नुसता ब्रेक दाबून हे होत नाही, शहाजीराव. भरवेगात फार खालचा गिअर पडला की इंजिन असं बेफाम होतं. मागची चाकं अडकतात आणि गाडी फिरते."

गिअरची मूठ साध्या लाकडाची होती. तिच्यावर आकडे नव्हते.

अप्पांच्या बंगल्याच्या फाटकाबाहेर जोतिराम उभे होते. कालपासून त्यांना आत घेतलं नव्हतं.

"ए, गाडी काढा दारातली!" वॉचमन खेकसला.

शहाजीरावांनी आपल्या गाडीची किल्ली जोतिरामकडे टाकली. जोतिराम बसले. गाडीनं एक आचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा आचका, पुन्हा बंद. वॉचमन खदखदून हसला.

"हात चुकला, साहेब," जोतिराम ओशाळून म्हणाले. "तुमच्यात पयला फुडं असतुय. आमच्या गाडीत पयला डावीकडं मागं, आन् त्याच्या फुडं रिव्हर्स. दुसरा मधी फुडं, तिसरा त्याच्या मागं."

शहाजीराव राजनंदिनींच्या कानाशी लागले. "ह्याला साधी गाडी हलवता यीना. ह्यानंच ठोकली असंल, बगा."

अप्पा दिवाणखान्यात बसूनच होते. बसा म्हणाले नाहीत.

"तपास पोलीस करतील. तुम्ही चहा न घेता गेलात तर मला वाईट वाटणार नाही."

"काल साडेसहाला आपण कुठे होता?"

"पूजेत. देवघरात एकटाच. लिहून घ्या, समाधान होईल. वीस वर्षं ती गाडी चालवतोय मी. अशा वळणाला नाही फसत."

"गाडीची किल्ली?"

"गॅरेजात टांगलेली. गॅरेज रोज पहाटे जोतिराम उघडायचा. काल सात वाजता मी त्याला हाकललं. तेव्हापासून गॅरेजची किल्ली माझ्या कमरेला आहे. झालं?"

अप्पांचा मुलगा संगमेश परवाच पुण्याहून आला होता. कोइंबतूरच्या ट्रॅकवर तो गाडी पळवायचा. पुढच्या महिन्यात तिथल्या संघाची निवड होती. तो चहा ढवळत होता आणि वर बघत नव्हता.

"झोपलो होतो. त्या गाडीला अप्पा हात लावू देत नाहीत. आणखी काही?"

"म्हणजे गिअर बदलण्यातलं तुम्हाला काही सांगता येणार नाही," राजनंदिनी सहज म्हणाल्या.

"मला?" त्यानं चमचा कपातून काढला. "वळणाआधी उजव्या पावलानं ब्रेक, त्याच पावलाच्या टाचेनं ॲक्सिलरेटरला एक टिचकी. इंजिन उचललं की तिसऱ्यातून दुसरा!" चमचा डावीकडे गेला आणि झटक्यात मागे आला. "तुमच्यासारख्यांना जन्मभर जमायचं नाही."

"खरं आहे," राजनंदिनी म्हणाल्या.

गॅरेज उघडायला अप्पांनी पाऊण तास लावला. राजनंदिनींनी जोतिरामनाही फाटकातून सोबत घेतलं. गाडीच्या जागेमागे एक पत्र्याचं कपाट होतं, दारं भिंतीकडे करून ठेवलेलं.

"हे असं कुनी फिरवलं?" दारातून जोतिराम म्हणाले. "रोज ह्यातनंच फडकी काडतो की मी."

"गाडी तोंड बाहेर करून उभी असायची?"

"व्हय. आदल्या सांजंला धुतली, तवा दोनी दिवे धड हुते."

राजनंदिनी कपाटामागे डोकावल्या. भिंतीकडच्या दाराला मोठा पोचा पडला होता. त्यांनी कपाटाखाली हात घातला. बोटांना तांबड्या काचेचा तुकडा लागला. त्यांनी तो रुमालात गुंडाळला आणि शहाजीरावांना ठाण्यात पाठवलं.

तासाभरानं शहाजीराव फौजदारांना घेऊनच आले. तुकडा फुटक्या दिव्यात बरोबर बसला होता. सगळे दिवाणखान्यात जमले. जोतिराम आणि सोनम दाराशी उभे राहिले, कारण त्यांना कोणी खुर्ची दिली नाही.

"दिवा बाभळीनं फोडला नाही, कपाटानं फोडला," राजनंदिनी म्हणाल्या. "गाडी तोंड बाहेर करून उभी होती, तरी मागे गेली. का? चालवणाऱ्यानं साध्या गाडीसारखा पहिला टाकला, डावीकडे, पुढे. या गाडीत तिथे रिव्हर्स आहे."

"मग जोतिराम चुकला असेल," अप्पा गुरकावले.

"जोतिराम साध्या गाडीत चुकतात. फाटकात तुमच्या वॉचमननं पाहिलं. ते पहिला म्हणून डावीकडे मागे टाकतात आणि साध्या गाडीत तिथे दुसरा लागतो, म्हणून ती आचके देऊन बंद पडते. अकरा वर्षांत त्यांचा हात याच गाडीचा झालाय. तुमचा वीस वर्षांत झालाय. या गाडीत तुम्ही दोघेही रिव्हर्सवर जाणार नाही."

शहाजीरावांनी ओशाळून जोतिरामकडे पाहिलं.

"कपाटाला धडकल्यावर त्याला गिअरची मांडणी उमगली. रस्त्यावर तो नीट तिसऱ्यापर्यंत गेला. वळणावर मेंढरं दिसली. विचाराला वेळ नव्हता, हात सवयीनं गेला. तिसऱ्यातून दुसरा, डावीकडे, मागे. दुसऱ्याऐवजी पहिला पडला. तांबडा काटा त्याची साक्ष देतोय. शिकाऊ माणसानं नुसता ब्रेक दाबला असता. वळणाला गिअर उतरवायचं शिक्षण इथे एकाच्याच हाताला आहे. तुमचा चमचा तसाच गेला, संगमेश."

संगमेश उभा राहिला. "चमच्यावरून मला आत टाकणार? अप्पा, सांगा ना यांना!"

"अप्पांना मीच विचारते," राजनंदिनी म्हणाल्या. "काल सातपासून गॅरेज बंद होतं. कपाट फिरवणारे तुम्हीच. कपाटाच्या दारावरचा पोचा काय सांगतो, हे या घरात ज्याला गाडी कळते त्यालाच समजणार. तुम्हाला कालच समजलं होतं. तरी नाव सांगितलंत जोतिरामचं."

संगमेश बापाकडे बघत होता आणि बाप जमिनीकडे.

"अप्पा, मला जायचं होतं दवाखान्यात," संगमेशचा आवाज फाटला. "त्या बाई ओरडत होत्या. तुम्हीच म्हणालात, गप्प राहा."

फौजदार पुढे झाले.

"पोरगा माझा आहे," अप्पा कोणाकडेही न बघता म्हणाले.

"सोनम बी माजीच हाय, अप्पा," जोतिराम म्हणाले. ते मान वर करून बोलले.

संगमेशला नेल्यावर अप्पा फाटकापर्यंत आले. "उद्यापासून ये कामावर," ते म्हणाले. वीस वर्षांत त्यांनी कोणाची माफी मागितली नव्हती आणि आजही मागितली नाही.

"न्हाय, अप्पा. अकरा वर्सं हाताला तुमची सवय लागली. आता ती मोडायची."

"बनाबाईंना बघायला जाऊ या, बाबा," सोनम म्हणाली.

शहाजीरावांनी जोतिरामला आपल्या गाडीची किल्ली दिली आणि स्वतः शेजारी बसले. जोतिरामचा हात आधी मागेच गेला. तो थांबला. मग त्यांनी मूठ सावकाश पुढे लोटली आणि गाडी आचका न देता निघाली.