चौदा नंबरचा पाइप

आमची पहिली भेट झाली तेव्हा मी रस्त्याच्या कडेला पालथी पडून सिमेंटच्या पाइपात डोकं घालून होते. अशा अवस्थेत कुणीच देखणं दिसत नाही, त्यामुळे पहिल्या नजरेतलं वगैरे काही झालं नाही.

"बाई, लागलंय का तुम्हाला?" मागून आवाज आला.

"हळू बोला," मी आतूनच म्हणाले. "आत बाळंतीण आहे."

बाळंतीण म्हणजे खोकड. मांजराहून जरा मोठा, शेपटीला काळं टोक असलेला छोटासा कोल्हा. विचारणारा बांधकाम खात्याचा इंजिनिअर होता आणि रस्त्याखालचा हाच पाइप, चौदा नंबरचा, उखडायला ट्रक घेऊन आला होता. मी अंगावरची माती झटकत त्याला थोडक्यात सांगितलं. या माळावर दहा वर्षांपूर्वी खोकडांची चाळीस जोडपी होती, आता सहा उरलीत. पिल्लं होतात, पण गाड्यांखाली जातात. गेल्या वर्षी अकरा झाली आणि हिवाळ्यापर्यंत एकही राहिलं नाही. यंदाही तसंच झालं तर आमचं अभ्यासकेंद्र बंद आणि माझी बदली मुख्यालयात, खिडकी नसलेल्या खोलीत.

त्याने पाइप तपासायचा काठीवरचा आरसा हळूच आत सरकवला आणि बराच वेळ बघत राहिला.

"पाच आहेत," तो म्हणाला.

मला चारच दिसली होती.

ट्रक परत गेला आणि चौदा नंबरचं काम पुढच्या टप्प्यात ढकललं गेलं. मग हा गृहस्थ दर बुधवारी सकाळी पाहणीला येऊ लागला. बुधवार माझा मोजणीचा दिवस, हे त्याला कुणी सांगितलं कोण जाणे… बहुतेक मीच. वाळलेल्या गवतात बसून आम्ही एकाच दुर्बिणीतून आळीपाळीने बघायचो. दुर्बीण हातात देताना त्याची बोटं जरा जास्तच वेळ रेंगाळायची, आणि मीही घाई करत नसे.

एकदा नर उंदीर घेऊन आला. मादीने तो ओढून घेतला आणि पाठ फिरवली.

"बिचाऱ्याकडे साधं बघितलंही नाही," तो म्हणाला.

"उशिरा आला ना."

"पण मनात तर होतं त्याच्या — आणायचं."

"आम्ही मनातलं लिहीत नाही," मी म्हणाले. "आणलेलं तेवढंच लिहितो."

तो हसला.

पाचातलं एक पिल्लू आजाराने गेलं, एक घारीने उचललं. तिघं मात्र वाढली, रस्ता ओलांडून पलीकडे शिकारीला जाऊ लागली, आणि हिवाळा आला तरी तिन्ही जिवंत होती. केंद्राला मुदतवाढ मिळणार हे नक्की झालं. पिल्लं गाड्या चुकवायला शिकली असावीत, असं मी मोठ्या ऐटीत अहवालाच्या कच्च्या प्रतीत लिहिलं.

त्या संध्याकाळी जेवताना मावशी बसवाल्यांवर करवादत होती. मी तिच्याकडेच राहते. म्हणे, त्या माळावरच्या वळणावर सहा महिने पाटी आहे, 'पुढे काम चालू, वाहने हळू चालवा', आणि बस नुसती रांगते. काम मात्र काडीचं दिसत नाही.

माझा घास हातातच राहिला. दर बुधवारी त्या पाटीपाशी मीसुद्धा निमूटपणे गाडी हळू करत होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय.

बुधवारी त्याला विचारलं तर त्याने सरळ कबूल केलं. पाटी त्याने पहिल्याच दिवशी लावली होती, कुणाचीही मंजुरी न घेता. मी हे अहवालात घातलं तर त्याच्यावर शेकणार होतं, आणि न घातलं तर माझा अहवाल खोटा.

"खरं तेच लिहा," तो म्हणाला. "नाहीतर पुढच्या वर्षी पाटी कोण लावणार?"

दोन दिवस पेन चावून मी खरं लिहिलं.

पुढच्या बुधवारी तो आला तो खात्याची नोटीस घेऊनच. विनामंजुरी पाटी लावण्याची कारणे सात दिवसांत लेखी कळवावीत. सोबत त्याने लिहिलेलं उत्तर होतं. कारण एक: खोकडाची पिल्ले. कारण दोन… आणि पुढे कोरी जागा.

"दुसरं काय?" मी विचारलं.

"ते साहेबांना सांगायचं नाहीये." त्याने गवताची काडी मोडली. "तुमची बदली होऊ नये म्हणून. मनातलं तुम्ही लिहीत नाही, म्हणून बोलायला आलो."

तो मला आवडत होता. कितीतरी बुधवारांपासून आवडत होता. मी त्याच्या खिशातलं पेन काढलं आणि कोऱ्या जागेत लिहिलं: सदर कारण मान्य. खाली सही केली, तारीख घातली.

तो कागदाकडे आणि माझ्याकडे आळीपाळीने बघत राहिला. "हे… पाठवायचं?"

"हे तुझ्याजवळ ठेव. साहेबांसाठी नवा कागद घे."

त्याला सक्त ताकीद मिळाली आणि पाटीला मंजुरी. ताकीद त्याने फाइलला लावली. तो कागद अजून त्याच्या पाकिटात असतो, आणि पंचवीस वेळा घडी घालून उलगडून त्यातलं 'मान्य' जरा पुसट होत जातं. त्याचं म्हणणं, मी ते दर वर्षी नव्याने लिहून द्यावं. मी देते.