उजव्या हाताची चार बोटं

विम्याच्या कचेरीत रफिक मुजावरची एकच ख्याती होती. याला कुणी फसवू शकत नाही. विमा कंपन्या सरकारजमा होऊन दोनेक वर्षं झाली होती आणि कोल्हापुरातले छोटे कारखानदार आता कुठं आपल्या कामगारांचा विमा उतरवायला लागले होते. कामावर असताना माणसाला इजा झाली, तर त्यानं मागितलेली भरपाई मालकाच्या डोक्यावर बसू नये, कंपनीनं ती द्यावी, असा तो विमा. मालकांना तो पटायचा, कामगारांना पटायचा आणि लबाडांना तर फारच पटायचा. मलकापूरच्या एका वखारीतल्या माणसानं लहानपणी मोडलेला पाय ताजा म्हणून दाखवला होता. रफिकनं त्याचे शाळेतले मास्तर शोधून काढले आणि प्रकरण उघडं पाडलं. तेव्हापासून जरा कुठं पाणी मुरतंय असं वाटलं, की साहेब कागद त्याच्या टेबलावर टाकत.

१९७५च्या फेब्रुवारीत आलेल्या या कागदात मात्र शंका घ्यावी असं काहीच नव्हतं. उद्यमनगरात केरबा लोहारचं वर्कशॉप, कामगार पाच. पॉवर प्रेसवर पत्र्याचे वॉशर कापताना पिराजी कुंभार, वय चौतीस, याच्या उजव्या हाताची चार बोटं मुळापासून तुटली. अंगठा वाचला. मालकाचा जबाब, दोन साक्षीदार, पोलिसांचा पंचनामा, डॉक्टरांचा दाखला, सगळं जिथल्या तिथं. रफिकला तेच खटकलं. खरे अपघात इतके नीटनेटके नसतात.

सकाळी दहाच्या सुमाराला तो उद्यमनगरात पोचला. लोखंडाचा कीस टायरमध्ये घुसू नये म्हणून शेवटचा रस्ता त्यानं सायकल हातात धरून काढला. दोन्ही बाजूंनी लेथचा किरकिराट चालला होता आणि ओतकामाचा जळका वास नाकात बसत होता. केरबाच्या वर्कशॉपमध्ये चार माणसं कामाला लागली होती. कोपऱ्यातला प्रेस बंद होता. तो स्वच्छ पुसून त्याला कुणीतरी हळदकुंकू वाहिलं होतं.

केरबा पन्नाशीचा, आडव्या बांध्याचा माणूस. त्यानं पुढं होऊन लोखंडी खुर्ची झाडली.

"बसा की पावणं. च्या सांगतो."

"चहा नंतर. आधी हात बघायचाय."

पिराजी भिंतीला टेकून पोत्यावर बसला होता. उजवा हात मनगटापर्यंत टॉवेलात गुंडाळलेला.

"आदी जरा माजं ऐकून घ्या," केरबा म्हणाला.

"आधी हात."

केरबानं मान खाली घातली. "दाखीव की रं."

पिराजीनं डाव्या हातानं टॉवेल सोडला. खाली हात होता, आणि हाताला पाच बोटं होती.

रफिकला आधी बरंच वाटलं. शंका खरी ठरली की त्याला नेहमी असंच बरं वाटायचं.

"बोटं तर आहेत."

"हायत," केरबा म्हणाला. "पण तुटली बी हुती. प्रेसच्या डायखालनं मी माज्या हातानं उचलल्यात. आठव्या दिवशी पट्टी सोडली, तर ही हुती."

"मग कंपनीला कागद कशाला पाठवला?"

"कागद आदी गेलता. बोटं मागनं आली."

रफिकनं खुर्ची पुढं ओढली आणि पिराजीचा हात आपल्या हातात घेतला. बोटांच्या मुळाशी वण नव्हता, टाक्याची खूण नव्हती. दुसराच कुणी माणूस आणून बसवलाय का, हेही त्यानं पाहिलं. पंचनाम्यात मनगटावर 'जोतिबा' गोंदल्याची नोंद होती. ते गोंदण तिथं होतं. डाव्या हाताची बोटं जाड, आखूड, भेगांत काळं तेल मुरलेली. उजव्या हाताची लांबट होती, उजळ होती. महिनाभर काम नसलं की हात असा निवळतो, असं रफिकनं मनाशी म्हटलं. लांबी कशानं वाढते, याचा विचार त्यानं पुढं ढकलला.

"मिटा बघू मूठ."

पिराजीनं हाताकडं बघितलं. दुसऱ्याच्या दावणीतल्या बैलाकडं बघावं तसं. बोटं हलली नाहीत.

"माजं ऐकत न्हाईत," तो म्हणाला. एवढ्या वेळात तो पहिल्यांदाच बोलला.

सोंग चांगलं वठवलंय, असं रफिकला वाटलं. तो केरबाकडं वळून हजेरीचं मस्टर मागू लागला, आणि वळता वळता त्याला दिसलं, की पिराजीच्या मांडीवर तो हात उताणा पडलाय. अंगठा अजिबात हलत नव्हता. बोटं एकेक करून त्याच्यापाशी येत होती, टोकानं शिवत होती आणि परत जात होती. नव्या घरात आलेल्या माणसानं भिंती चाचपाव्यात तशी.

मस्टर न बघताच रफिक बाहेर पडला.

मंगळवार पेठेतला दवाखाना त्याच्या ओळखीचा होता. डॉक्टर म्हातारे, सरळ माणूस. रफिकनं विचारलं तसं त्यांनी कपाटातली काचेची बरणी काढून टेबलावर ठेवली. पोलिसांनी मागितली तर असावी म्हणून ठेवली होती. स्पिरिटमध्ये चार बोटं होती. जाड, आखूड, भेगांत काळं तेल मुरलेली.

"ही दुसऱ्या कुणाची असतील."

"हात मीच बांधलाय, मुजावर. अकरा टाके घातलेत मी."

"मग त्या टाक्यांचे वण कुठं गेले?"

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. "माझा दाखला खरा आहे," ते म्हणाले. "पट्टी सोडल्यावर मी काय बघितलं, तेवढं मात्र लेखी मागू नका."

म्हणजे डॉक्टरही यांना सामील. रफिकनं सायकलवर टांग मारली तेव्हा त्याच्या मनात एवढंच होतं. तिघांनी मिळून रचलेला बनाव, पण असा कसा बनाव? ज्याला भरपाई हवी तो बोटं लपवील. ती अशी उघडी करून का दाखवील?

दोन दिवसांनी, काही न कळवता, तो दुपारी पिराजीच्या घरी गेला. कुंभार गल्लीत दोन खोल्या, पुढं अंगण. अंगणातली शेळी साखळीनं बांधलेली होती. कपडे वाळत घालायला दोरीऐवजी तार होती. पिराजीच्या बायकोनं, बाळाबाईनं, त्याला आत बोलावलं. तिचे केस रबरानं आवळलेले होते आणि गळ्यातले मणी काळ्या दोऱ्यात नव्हते, तांब्याच्या बारीक तारेत होते. घरात कुठंही गाठ दिसत नाही, हे रफिकच्या लक्षात आलं. का आलं, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

पिराजी त्याच्या शेजारी घोंगड्यावर येऊन बसला.

"जेवतात कसे?" रफिकनं विचारलं.

"मी भरवते," बाळाबाई म्हणाली. "दादा, मला एक सांगायचं हाय. भरपाई नगं आमाला. तुमच्या सायबाची शपत, एक पैसा नगं. पण कागदावर बोटं गेली म्हणून लिवा."

"गेलेली नाहीत ना पण."

"ह्यांची गेली की! ही ह्यांची न्हाईत. चौदा वर्सं ह्या हातानं माज्या हातात भाकरी दिलीया, मला कळत न्हाई व्हय?" ती थांबली. तिनं नवऱ्याकडं बघितलं नाही. "दिसंल ती गाठ सोडवत्यात. शेळीचं दावं सोडलं, पाळण्याची दोरी सोडली. पोरगं खाली पडता पडता वाचलं. माजं डोरलं सोडलं, मी ह्यांना वाढत असताना. कायतरी हुडकत्यात, न्हाईतर कायतरी मोकळं करायचं हाय त्यास्नी. सरकारी कागदावर न्हाईत म्हणून लिवलं, तर जातील. आन हायत म्हणून लिवलासा..."



पिराजी समोर भिंतीकडं बघत होता. त्याच्या गालांवरून पाणी ओघळत होतं आणि ते पुसायला त्यानं हात उचलला नाही.

रफिक उठला. मांडीवरची फाइल उचलली तशी आतले कागद घसरून जमिनीवर पसरले. फाइलची फीत सुटलेली होती. ती आपण बांधलीच नसणार, असं त्यानं ठरवलं. कागद गोळा करताना त्यानं पिराजीच्या बाजूला बघायचं टाळलं.

एवढी वर्षं माणसं त्याच्याकडं खोटं लिहून मागत आली होती. कुणी रडून, कुणी धमकावून, कुणी पाकीट पुढं सरकवून. हे रडणं त्यातलंच, फक्त जास्त कसलेलं. कचेरीत येऊन त्यानं टेबलाशी बसकण मारली. भर दुपार होती. शेजारच्या टेबलावर टायपिंग चाललं होतं.

त्यानं लिहिलं: 'समक्ष पाहणी केली. उजव्या हाताची सर्व बोटं शाबूत. दावा नामंजूर करावा.'

पेन थांबलं. डोळ्यापुढं तो ओला गाल आला.

मग त्यानं सही केली.

काहीच झालं नाही. पंखा फिरत राहिला.

वर्षभरानं केरबाच्या विम्याची मुदत संपली. नव्यानं उतरवायचा तर यादीतली माणसं जागेवर मोजावी लागत. ते काम दुसऱ्या कुणाचं तरी होतं. रफिकनं ते मागून घेतलं.

कोपऱ्यातला प्रेस चालू होता. त्यावर पिराजी होता. तोच चेहरा, तेच मनगटावरचं गोंदण. पत्रा सरकत होता, वॉशर खाली पडत होते आणि तो हातांकडं बघतही नव्हता. दोन्ही हात सारखेच लांबट, उजळ.

"कामाला कसा आहे?" रफिकनं हळू विचारलं.

"लई हुशार," केरबा म्हणाला. त्याच्या आवाजात आनंद नव्हता. "आदी इतका न्हवता."

"आणि बाळाबाई?"

"गेली म्हायेरी, कुरुंदवाडला. पोराला घिऊन. परत येत न्हाई म्हणती."

रफिकनं यादी उघडली. मशीन बंद करायला सांगून तो एकेक नाव वाचू लागला. माणसं हात वर करत गेली.

"पिराजी कुंभार."

प्रेसवरच्या माणसानं मान वळवली नाही.

"पिराजी!"

तो शांतपणे डाय पुसत राहिला.

बाकीचे चौघं जमिनीकडं बघत होते. केरबानं रफिकचा दंड धरला आणि त्याला दाराशी आणलं.

"त्या नावानं बगत न्हाई आता," तो म्हणाला.

"मग कोणत्या नावानं बघतो?"

केरबानं आतल्या बाजूला पाठ केली.

"इचारलं न्हाई कुणी. सांगितलं त्यानं, तर मग त्या नावानं हाक मारावी लागंल की."