कॉलर माईकमधली बाई

हे खोटं वाटलं तर वाटू दे. मी कुणाला पटवायला बसलेली नाही. माझ्या कानांनी जे ऐकलं तेवढंच सांगते.

रविवार, १७ नोव्हेंबर २०२४. हुबळी, विद्यानगरातलं आमचं घर. वेळ दुपारी साडेबाराची.

हो, भर दुपार. अमावस्या नव्हती की लाईट गेली नव्हती. समोरच्या घरात कुकरच्या शिट्ट्या चालल्या होत्या.

मी प्रीती. देशपांडे नगरातल्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. रोज माणसांचं रक्त काढते, त्यामुळे भीती-बिती मला ठाऊक नव्हती. तोंडाची फटकळ आहे, हे घरात कुणीही सांगेल. आम्ही बौद्ध. भूत-प्रेत, अंगात येणं, असलं आमच्या उंबऱ्याच्या आत चालत नाही. आई लवकर गेली, म्हणून धाकटी आरुषी माझ्याच मांडीवर वाढली. तिची वेणी कॉलेजात जाईपर्यंत मी घातली.

त्या आरुषीचं लग्न ठरलं होतं. मुलगा धारवाडचा, यशपाल केदारी. चांगली नोकरी, स्वतःचं घर, आणि बोलणं तर असं की अप्पा पहिल्याच भेटीत विरघळले.

व्हिडिओवाला ठरवायचं काम माझ्याकडे आलं. सहा जण बघितले. एकानं तासभर नुसता ड्रोनच दाखवला. एकाच्या फिल्ममध्ये नवरा-नवरी उणकल तलावाकाठी पळतायत तर पळतायतच, मेलं थांबायचं नावच नाही!

अप्पांची अट एकच होती.

"त्रिशरण-पंचशील स्वच्छ ऐकू आलं पाहिजे. वर सिनेमाची गाणी घातलेली मला चालणार नाहीत."

शेवटी जुनी हुबळीतला श्रीहरी सापडला. पस्तिशीचा, कमी बोलणारा. तो नवऱ्याच्या कोटाला बटणाएवढा कॉलर माईक लावायचा. म्हणाला, "अक्का, आवाज जसा आहे तसाच ठेवतो. पदरचं काही घालत नाही."

अप्पा खूश. तरी मी म्हटलं, आधी साखरपुडा करून दाखव, मग लग्नाचं बघू.

त्या सहाही जणांची जुनी कामं मी बघितली. त्यांच्या गिऱ्हाइकांना फोन करकरून विचारलं. मुलगा मात्र एकच बघितला, आणि त्याच्याबद्दल एकालाही फोन केला नाही. हे लिहिताना स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटते.

तर त्या रविवारी श्रीहरी साखरपुड्याचा व्हिडिओ दाखवायला आला.

त्यानं लॅपटॉप उघडला आणि आधी अप्पांकडे बघितलं.

"काका, चित्र चांगलं आलंय. पण आवाजात... तुम्हीच ऐका."

हॉल दिसला. पांढरे कपडे, फुलं, आमची माणसं. आरुषी लाजून खाली बघत होती. भंतेजींचा आवाज स्वच्छ येत होता, त्यांच्या मागून यशपालचा. बुद्धं सरणं गच्छामि...

आणि मग...

फाट्.

थप्पड होती ती. लहानपणी शाळेत खाल्ली आहे, आवाज ओळखते मी.

पडद्यावर सगळे हसत होते.

परत... फाट्. मग केस धरून ओढल्यावर माणूस श्वास घेतं, तसा श्वास. मग भिंतीवर काहीतरी जड आपटलं.

आणि एक बाई... कानडीत...

"ब्याड्री... तलिगे ब्याड्री..."

नको हो. डोक्यावर नको.

थड. थड. थड.

मग तिचा आवाज संपला. त्याच सेकंदाला पडद्यावर यशपाल कुणाला तरी म्हणाला, "काका, जेवलात का पोटभर?"

श्रीहरीनं व्हिडिओ थांबवला.

"हॉलमध्ये माझे आणखी दोन माईक होते," श्रीहरी म्हणाला. "त्यांत हे नाही. फक्त नवऱ्याच्या माईकमध्ये आहे. तो एकटा हात धुवायला गेला, तिथंसुद्धा आहे. काका, राग मानू नका... मुलाची जरा चौकशी करा."

अप्पा उठले. ज्या माणसानं आम्हा बहिणींवर जन्मात कधी हात उगारला नाही, त्यानं श्रीहरीची कॉलर धरून त्याला भिंतीवर दाबला आणि कानाखाली ओढली. लॅपटॉपमधून आला होता अगदी तसाच आवाज आला.

"माझ्या घरात भुताटकी विकायला आलास, हलकटा?"

मी तरी काय कमी? लॅपटॉपला लावलेला पेनड्राईव्ह उपटला आणि खिडकीतून गटारात फेकला. "दुसरीकडचं काहीतरी मिसळलंस आणि आता आमच्या पोरीचं लग्न नासवतोस होय रे?"

तो ओठाचं रक्त पुसत उभा राहिला. सामान गोळा केलं आणि गेला.

आरुषी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"अक्का, ती बाई खरंच कुणीतरी असली तर?"

"वेडी का काय तू? मशीन बिघडलंय त्याचं."

तपासून बघा आणि मगच माना, असं आम्हाला शिकवलेलं. आम्ही तपासलं नाही, आणि त्यालाच विज्ञान म्हणून मोकळे झालो. त्या दिवशी मुलगा बदलायला हवा होता. आम्ही व्हिडिओवाला बदलला.

नवा व्हिडिओवाला मोठा होता, बायपासच्या बाजूला त्याचं झकपक ऑफिस. सगळ्या फिल्मवर पहिल्यापासून शेवटपर्यंत म्युझिक. अप्पासुद्धा काही बोलले नाहीत. जानेवारीत लग्न झालं. फिल्म सुंदर आली, एक वावगा आवाज नाही.

जूनमध्ये एका शुक्रवारी मी लॅबमध्ये असताना आरुषीचा फोन आला.

"अक्का, मला न्यायला ये."

"काय झालं?"

"ये ना गं."

समोर पेशंटची रांग होती. मी म्हटलं, "अगं, घर म्हटलं की भांड्याला भांडं लागतंच. रविवारी येते, मग बसून बोलू."

"बरं," म्हणाली.

शनिवारी सकाळी धारवाडच्या हॉस्पिटलमधून फोन आला.

मी तिला बघितलं ते शवागारात. मागून डोकं हाताला मऊ लागत होतं. उजवीकडचे केस मुळापासून उपटलेले, कातडीसकट. तीन नखं तुटलेली. माझी पोर लढली होती हो. आणि तो नालायक बाहेर बाकड्यावर बसून सगळ्यांना सांगत होता, जिन्यावरून पडली म्हणून. त्याच्या हाताच्या बोटांची सालटी निघालेली मी स्वतः बघितली. मी त्याच्या अंगावर धावून गेले, चौघांनी मला ओढून काढलं.

मग पोलीस चौकशीत निघालं. त्याची आधी एक बायको होती. गदगकडची, लक्ष्मी नावाची, कानडी बोलणारी. ती न्हाणीघरात पाय घसरून गेली म्हणे.

तलिगे ब्याड्री.

मी श्रीहरीच्या घरी गेले, त्याचे पाय धरले. तो माणूस रडला माझ्याबरोबर. अप्पा तेव्हापासून कुणाशीच बोलत नाहीत. ताट समोर ठेवलं तर जेवतात.

केस चालू आहे. सहा महिन्यांत यशपाल जामिनावर सुटला.

हे इथंच संपलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

गेल्या महिन्यात, दुपारी लॅबमध्ये असताना, अनोळखी नंबरवरून फोन आला.

"प्रीती अक्का ना? मी बेळगावहून विमला बोलते. माझ्या भाचीचं, सविताचं लग्न आहे. श्रीहरी व्हिडिओवाल्यानं तुमचा नंबर दिला. त्याचं काम कसं आहे हो?"

"का? काय झालं?"

"साखरपुडा धारवाडात झाला, तिथं त्यालाच लावलेलं. तर व्हिडिओत भलतंच आलंय. विचारलं तर म्हणतो, मी सांगून कुणी ऐकत नाही. तुमचा नंबर दिला आणि म्हणाला, यांना विचारा."

मी हातातली ट्यूब खाली ठेवली.

"काय आलंय व्हिडिओत?"

"एक बाई रडतेय... नवऱ्याच्या माईकमध्ये."

"कानडीत?"

"नाही हो. मराठीत."

"मुलाचं नाव काय?"

"यशपाल. पहिली बायको जिन्यावरून पडून गेली बिचाऱ्याची."

"ऐकवा मला," मी म्हटलं. "आत्ता ऐकवा."

तिनं फोन लॅपटॉपजवळ धरला असावा. माणसांची कुजबुज, हसणं, वाट्या-ताटांचे आवाज. मग...

फाट्.

भिंतीवर काहीतरी आपटलं. थड. परत थड.

आणि मग... ती.

"अक्का... अक्का गं... डोक्यावर मारतोय... रविवारी नको, आत्ता ये..."

मी किंचाळले. लॅबमधली शेजारची मुलगी धावत आली. मी फोनवर ओरडत सुटले, "ती माझी बहीण आहे! त्यानंच मारली तिला! आधीची पण त्यानंच मारली! तिचा आवाज आम्हालाही आला होता, आम्ही नुसता व्हिडिओवाला बदलला! लग्न मोडा, बाई. पाया पडते तुमच्या, आत्ताच्या आत्ता मोडा!"

पलीकडे व्हिडिओ बंद झाला.

मग विमला हळू आवाजात म्हणाली, "पत्रिका वाटून झाल्यात हो, अक्का."

"आग लावा पत्रिकांना!"

मग घसा खाकरून म्हणाली,

"बरं, ते असू दे. तुम्ही मग दुसरा कोण लावला होता? त्याच्या व्हिडिओत असलं काही आलं नव्हतं ना? त्याचा नंबर द्याल का?"

मी नंबर दिला नाही. तिनं फोन ठेवला आणि मला ब्लॉक केलं. मी पोलिसांत गेले, तर म्हणाले, जामिनावरच्या माणसाला लग्न करायला बंदी नाही. बेळगावला दोनदा जाऊन आले, पण नुसत्या सविता नावावर कुठलं घर शोधणार? श्रीहरीकडे त्यांचा होता तो नंबरही आता लागत नाही, आणि यशपालच्या धारवाडच्या घराला कुलूप आहे.

नंबर दिला नाही म्हणून काय झालं? हुबळीत व्हिडिओवाल्यांना काय तोटा आहे.