शेजारच्या सीटचा पट्टा

सावनी, तो टीव्ही बंद कर. नील, तू इकडे सरक. रोज विचारता ना, काका, तुम्ही भूत पाहिलंय का? मी नाही पाहिलं. देवदत्त इनामदारच्या गाडीत मात्र बसलं होतं. देवदत्त म्हणजे सांता क्लाराच्या अपार्टमेंटमधला आमचा शेजारी. थापा मारणाऱ्यांतला तो नाही. आयुष्यात एकच मारली, तिचीच ही गोष्ट.

२००७ सालचा डिसेंबर. रविवार, कार्तिकातली अमावास्या. देवदत्त ऑफिसच्या कॉन्फरन्ससाठी इटलीत फ्लॉरेन्सला जाऊन आदल्याच दिवशी परतला होता. तो आला, बॅग मागे राहिली. रात्री एअरलाइनचा फोन आला, बॅग पोचली आहे. सकाळी त्यांनीच घरी आणून दिली असती. त्याची बायको हिमानी तेच म्हणत होती. पण याला झोप येत नव्हती, म्हणून गाडी काढून विमानतळावर निघाला.

झोप का येत नव्हती, ते सांगतो. त्याचे बाबा मिरजेला शाळेत ड्रॉइंग मास्तर. एलिमेंटरी-इंटरमिजिएटला बसणाऱ्या पोरांच्या किती पिढ्यांचे हात त्यांनी वळवले असतील. फ्लॉरेन्सच्या त्या मोठ्या चर्चचा घुमट ते पुस्तकातल्या चित्रावरून फळ्यावर काढायचे, एका दमात, खडू न उचलता. तो एकदा डोळ्यांनी बघायचा, एवढीच हौस. २००५ साली ते इकडे अमेरिकेत सहा महिने आले, तेव्हा देवदत्तनं कबूल केलं होतं की परत जाताना वाटेत फ्लॉरेन्स करू. मग प्रोजेक्टची घाई, कॉन्सुलेटची अपॉइंटमेंट... ते घोंगडं भिजतच पडलं. आणि एक दिवस जेवताना तो म्हणाला, "बाबा, तुमचा इटलीचा व्हिसा नाकारला."

म्हातारा चिडला असता तर बरं झालं असतं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. म्हणाले, "माझं काही चुकलं का रे? सही नीट आली नसेल."

अर्ज केलाच नव्हता, हे देवदत्तच्या ओठांवर आलं होतं. त्यानं ते ताकाबरोबर गिळलं.

परतीच्या वेळी विमानतळावर, आपण सगळेच करतो तसं, इंग्रजीत गोंधळतील म्हणून बाबांसाठी व्हीलचेअर मागवली. ठणठणीत माणूस, पण खुर्चीत अंग चोरून बसले. वळणावरून हात हलवला. तेच शेवटचं दर्शन. पुढच्या उन्हाळ्यात ते मिरजेतच वारले.

आणि आता हा ऑफिसच्या खर्चानं तेच गाव बघून आला होता. घुमटासमोरच्या चौकात त्याला उभं राहवेना. मागच्या एका अरुंद गल्लीत शिरला. तिथून दोन घरांच्या फटीतून अर्धाच घुमट दिसत होता, त्याच्या पुढे भिंतीतून आडवा आलेला एक दिवा. तिथे तो रडला. कोणी बघितलं नाही, असं त्याला वाटलं.

तर, बॅग मिळाली. पार्किंगमध्ये चिटपाखरू नव्हतं. डिकीत बॅग ठेवतोय, तोच मागे चाकं करकरली. विमानतळाच्या गणवेशातली एक पंजाबी बाई व्हीलचेअर ढकलत येत होती. चांगली धापा टाकत होती.

खुर्ची रिकामी.

"आप तो पिताजी को छोड़कर आगे निकल गए," ती जरा रागानंच म्हणाली.

तिनं गाडीचं पुढचं दार उघडलं. कुणाच्या तरी काखेत हात घालावा तशी वाकली. "संभालके..." दार हलकेच लावलं. आणि जाता जाता म्हणाली, "ठंड लग रही है उनको."

देवदत्तनं डिकी लावली. शेवटी बसला. करतो काय? गाडी सुरू केली.

टिंग. टिंग. टिंग.

शेजारी कोणी पट्टा न लावता बसलं की गाडी बोंबलते ना... तेच. सीट रिकामी. हात लावून बघायची हिंमत नाही.

टिंग. टिंग.

बाबांना तो पट्टा कधीच जमला नाही. सहा महिने यानंच लावून दिला होता. त्यानं डोळे मिटले. हात लांब केला. पट्टा ओढला... लावला.

शांत.

फ्रीवेवर धुकं होतं. काच धुरकटायला लागली. त्याच्या बाजूची नाही. फक्त शेजारची... श्वासानं धुरकटते तशी.

मग तो बोलला. रस्त्यावरची नजर न काढता.

"बाबा, व्हिसा नाकारला नव्हता. मी अर्जच केला नव्हता. तुमचं काही चुकलं नव्हतं."

काही नाही.

काहीच नाही...

खट्.

पट्टा सुटला. आपला आपण. टिंग मात्र वाजलं नाही. म्हणजे सीटवर आता कोणी नव्हतं.

घराखाली आल्यावर त्यानं मला उठवलं. मी सपाता अडकवून खाली गेलो. शेजारच्या काचेवर, आतल्या बाजूनं, वाफेत बोटानं काढलेला घुमट होता. एका दमात, बोट न उचललेला. फळ्यावरचा तो पुस्तकातला असायचा, समोरून, पुरा.

हा अर्धाच होता. दोन घरांच्या फटीतला. आणि पुढे आडवा एक दिवा.